तोटा परवडणारी बाग

नाशिकमध्ये भाजीची बाग करणाऱ्याला सल्ला शोधत फिरावं लागत नाही. सिडकोतल्या रो-हाऊसच्या अंगणात किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या गच्चीवर वांग्याचं पान मलूल झालं, की त्याचा फोटो निफाडच्या मामांना, दिंडोरीच्या मेहुण्यांना नाहीतर सिन्नरच्या वर्गमित्राला जातो आणि चहा उकळेपर्यंत उत्तर येतं. भुरी आहे, अमुक मारा. डावणी दिसतेय, तमुक घ्या. थ्रिप्स आहे, आजच फवारा, उद्यावर टाकू नका. या जिल्ह्याची बोलीच तशी घडली आहे. द्राक्षबागेच्या बांधावर दोन माणसं भेटली, की ख्यालीखुशालीच्या आधी ‘आज काय मारलं?’ हे विचारलं जातं.

हा सल्ला अडाण्याचा नसतो, हे आधी सांगायला हवं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून फेब्रुवारी-मार्चमध्ये घड उतरेपर्यंत बागायतदार रोज सकाळी पान उलटं करून पाहतो. दव किती पडलं, आभाळ कधी भरून आलं, पानं किती वेळ ओली राहिली, याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. पण त्याच्या पाठीशी सोसायटीचं कर्जही असतं. फुलोऱ्यात दोन-चार दिवस ढगाळ गेले आणि डावणी शिरली, तर वर्षाचं पीक हातचं जातं. म्हणून तो रोग दिसायच्या आधीच फवारतो. वाट बघणं त्याला परवडत नाही. आणि फवारणीची किंमतही शेवटी तोच मोजतो. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले, माल अडकून पडला आणि त्या हंगामाचा फटका नाशिकच्या बागायतदारांना बसला. २०२० मध्ये टोमॅटोची पाळी आली. फळं धड पिकेनात, एकाच फळावर वेगवेगळे रंग दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ नाव दिलं. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेनं तपासलं, तेव्हा माव्यातून पसरणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस निघाला. नाशिक, नगर, पुण्याकडे उभे प्लॉट सोडून द्यावे लागले.

गच्चीवरच्या टोमॅटोच्या रोपावर हाच व्हायरस आला, तर काय करायचं? रोप उपटायचं, पिशवीत बांधून कचरागाडीत द्यायचं आणि त्या जागी मेथी पेरायची. एवढंच. त्या रोपावर कुणाचा हप्ता अवलंबून नाही, कुणाच्या मुलीची फी नाही. घरच्या बागेला तोटा परवडतो. शेतकऱ्याकडे ज्ञान आहे, हात आहेत, चिकाटी आहे, पण ही एक मुभा नाही. आपल्याकडे ती आहे आणि आपण ती वापरत नाही. शेताची घाई तेवढी आपण गच्चीवर आणली आहे. माझ्या मते घरच्या बागेतल्या बऱ्याचशा अडचणी या उसन्या घाईतून येतात.

मापाचाच प्रश्न घ्या. कृषी सेवा केंद्रातल्या औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण हेक्टरी असतं. दुकानदार ते पंधरा लिटरच्या पंपाला मोजून सांगतो. आपल्याला हवं असतं अर्धा लिटर पाणी. मग टोपणानं, चमच्यानं, अंदाजानं ओतलं जातं आणि सांगितलेल्या प्रमाणाच्या कितीतरी पट जास्त औषध त्या दोन झाडांवर बसतं. फवारणीनंतर अमुक दिवस फळ तोडायचं नाही, हा नियमही असतो. बागायतदार तो पाळतो, कारण निर्यातीच्या मालाची अवशेषांची तपासणी होते. घरात ती तपासणी नाही. संध्याकाळी फोडणी तापल्यावर चार मिरच्या कमी पडल्या, की हात कुंडीकडेच जातो. विषमुक्त भाजीसाठी बाग लावायची आणि बाजारापेक्षा जास्त विषारी मिरची खायची, हे अनेक घरांत कळत-नकळत चाललं आहे. मला त्याची काळजी वाटते.

फवारण्याआधी पाहायला हवं, आणि पाहायला वेळ लागतो. वांग्याचं उदाहरण सगळ्यांत सोपं. झाड हिरवंगार असतं आणि एखादाच शेंडा मान टाकतो. लोक पाणी घालतात. दुसऱ्या दिवशी आणखी एक शेंडा झुकतो. मग फवारा येतो. तो झुकलेला शेंडा नखानं खुडून उभा चिरून पाहा. आत पोकळी असते, ओलसर भुसा असतो आणि तिच्या टोकाशी फिकट गुलाबी अळी. शेंडे आणि फळ पोखरणारी ही अळी एकदा आत शिरली, की वरून मारलेलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. याच अळीसाठी बीटी वांगं तयार झालं, त्यावरून देशभर वाद पेटला, नागपुरासह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं त्या वाणाला स्थगिती दिली. एकरभर वांग्यातला प्रत्येक शेंडा रोज तपासणं शेतकऱ्याला शक्य नाही, म्हणून तो प्रश्न एवढा मोठा झाला. चार झाडांच्या मालकाला मात्र कात्री पुरते. झुकलेला शेंडा जिवंत भागापर्यंत छाटायचा, अळी मारायची, छिद्र पडलेली फळं झाडावर ठेवायची नाहीत आणि खालीही पडू द्यायची नाहीत. खालून नवे फुटवे येतात. आठवडाभर रोज दोन मिनिटं दिली, तर फवाऱ्याची गरज पडत नाही.

मिरचीचा चुरडा-मुरडा हा दुसरा नेहमीचा रडका विषय. आपल्याकडे त्याला बोकड्याही म्हणतात. पानं आकसली, की सरसकट ‘व्हायरस आला’ असं जाहीर होतं. पण पान कोणीकडे वळलंय ते बघा. कडा वर वळून पानाची नाव झाली असेल, तर बहुतेक फुलकिड्यांचं, म्हणजे थ्रिप्सचं काम. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला, की बारीक धाग्यांसारखे ते चालताना दिसतात. कडा खाली वळल्या असतील आणि देठ लांबलेला असेल, तर कोळी. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. आणि पानं लहान होत होत गुच्छासारखी झाली, झाडाची वाढच खुंटली, तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड काढावं लागतं. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे उपाय. फुलकिड्यांना पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क बऱ्यापैकी आवरतो. कोळ्याला गंधक लागतं, तेही उन्हाच्या वेळी नाही. कोळ्यावर कीटकनाशक मारलं, तर त्याला खाणारे दुसरे कोळी आणि किडे आधी मरतात आणि तो आणखी फोफावतो. म्हणजे न पाहता केलेला उपाय वायाच जातो असं नाही, तो रोगाच्या बाजूनं लढतो.

द्राक्षवाल्यांना आणि जास्वंद लावणाऱ्यांना सारखाच छळणारा पिठ्या ढेकूण घ्या. भेंडी, वांगी, मिरची काहीही त्याला चालतं. पांढरा कापूस चिकटल्यासारखा तो खोडाच्या बेचक्यात बसतो, त्याच्या चिकट स्रावासाठी मुंग्या येतात आणि त्याला राखतात. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांत तो मुद्दाम सोडला जातो. गंमत अशी, की या भुंग्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणचट तंतूंनी झाकलेली असते, दिसायला थेट पिठ्या ढेकणासारखीच. फक्त ती मोठी असते आणि चपळ चालते. जो थांबून पाहत नाही, तो शत्रूबरोबर तिलाही चिरडतो. लाल-काळ्या ठिपक्यांच्या लेडीबर्डचं तेच. भुंगा गोंडस म्हणून लोक त्याचा फोटो काढतात आणि त्याचीच काळपट, काटेरी अळी दिसली, की चप्पल उगारतात. मावा खाण्यात ती भुंग्यापेक्षा मुळीच कमी नाही. मावा पडल्यावर या मंडळींना पोचायला थोडे दिवस लागतात. त्या दिवसांत पानं थोडी खराब होतात. हाच तो परवडणारा तोटा. तो सोसला नाही, फवारा मारून मावा संपवला, तर त्यांना येण्याचं कारणच उरत नाही आणि पुढच्या माव्याला मोकळं रान मिळतं.

‘फुलं भरपूर येतात, पण फळ धरत नाही’ या तक्रारीत तर कीडही नसते. दुधी, दोडका, कारलं, काकडी या वेलांवर नर फुलं आधी येतात आणि ती गळणारच. फुलाच्या मागे इवलंसं फळ असलेलं मादी फूल नंतर येतं. तेही गळायला लागलं, की वेलाला खत घातलं जातं, टॉनिक मारलं जातं. खरी अडचण वेळेची असते. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दोडक्याचंही संध्याकाळीच. घोसाळं पहाटे, काकडी आणि कारलं सकाळी. दुधीचं परागीभवन रात्रीचे पतंग करतात. पाचव्या मजल्यावरच्या गच्चीवर ते किती पोचणार? तेव्हा दिवेलागणीला वर जावं, ताजं नर फूल खुडावं, पाकळ्या काढाव्यात आणि पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावेत. दुधी आणि दोडका दोन्ही धरतात. सकाळी अकरा वाजता दोडक्याचं फूल पाहणाऱ्याला ते नेहमी मिटलेलंच दिसेल आणि तो वेलाला दोष देत राहील.

फळ धरल्यावर फळमाशी येते. वाकडं झालेलं कारलं, टोचल्याजागी डिंक आलेला दोडका ही तिची खूण. कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधणं हा सगळ्यांत भरवशाचा उपाय. किडकं फळ कंपोस्टमध्ये टाकू नये, आतल्या अळ्या तिथल्याच मातीत कोषात जातात आणि नवी पिढी तयार होते.

पिवळ्या पानांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे नाशिकची जमीन बोलते. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, त्यापासून झालेली माती चुनखडीयुक्त, विम्लधर्मी. त्यात बोअरचं जड पाणी. कुंडीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तो त्याचाच. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. याउलट खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, तर नत्र कमी आहे. नत्र जुन्या पानांतून निघून नव्या पानांकडे जाऊ शकतं, लोह जागचं हलत नाही, म्हणून हा फरक. पहिल्याला हिराकस थोडं शेणखतात मुरवून द्यावं, दुसऱ्याला कुजलेलं शेणखत किंवा पेंड. आणि तिसरं कारण सगळ्यांत जास्त आढळणारं: पाणी जास्त झालं. शेताची काळी माती डब्यात भरली, की ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुळं गुदमरतात. दुपारच्या उन्हात पान मान टाकतं, ते पाहून आणखी पाणी घातलं जातं. बोट दोन पेरं मातीत घालून पाहिलं, तर ओल असते.

याच बाबतीत श्री. अ. दाभोळकरांची आठवण येते. गणिताचे हे प्राध्यापक कोल्हापूरकडचे, पण त्यांचा ‘प्रयोग परिवार’ द्राक्षबागायतदारांत रुजला. डब्यात, टोपलीत, गच्चीवर माती कमी आणि पालापाचोळा, उसाचं चिपाड, काडीकचरा जास्त, हा नगरशेतीचा विचार त्यांनी मांडला. डबा हलका होतो, पाणी निथळतं, मुळांना हवा मिळते, वर सांगितलेली अर्धी दुखणी उद्भवतच नाहीत. नाशिकमध्ये संदीप चव्हाण यांनी ‘गच्चीवरची बाग’ या नावानं ओल्या कचऱ्यावरच्या बागेचा असाच ध्यास घेतला. पण दाभोळकरांचं मला अधिक मोलाचं वाटतं ते दुसरंच. प्रयोग करण्याचा अधिकार विद्यापीठापुरता नाही, पाहणारा, मोजणारा, टिपून ठेवणारा कुणीही संशोधक आहे, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या परिवारातले शेतकरी एकमेकांना ‘काय मारलं’ एवढंच सांगत नव्हते, ‘काय पाहिलं’ हेही सांगत होते. आपल्या फोटो-उत्तराच्या देवघेवीतून नेमकं हे ‘पाहिलं’ गळून पडलं आहे.

पाहण्यात काळवेळही आला. मोबाइलवरचे बागेचे व्हिडिओ बघून एप्रिलमध्ये टोमॅटो लावणारी मंडळी दरवर्षी भेटतात. ज्या देशात बर्फ वितळल्यावर बाग सुरू होते, तिथला तो महिना. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. त्यात खताचा किंवा रोपाचा दोष नाही. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे लावलेला टोमॅटो इथे सुखानं येतो. भेंडी डिसेंबरात पेरली, तर बी मातीतच कुजतं. निफाडला पारा पाच अंशांखाली घसरतो त्या दिवसांत भेंडीनं उगवावं कशाला? कोथिंबीर आणि पालक उन्हाळ्यात लगेच फुलावर येतात, त्यांना सावली हवी. मृगावर वेल, दसऱ्यानंतर फळभाज्या आणि कोबीवर्गीय, थंडीभर पालेभाज्या, आणि वैशाखात माणसानं आणि मातीनं दोघांनीही जरा विसावा घ्यावा. आजीला हे पाठ होतं. बागेतल्या तक्रारींचा एक मोठा गठ्ठा केवळ या वेळापत्रकानं नाहीसा होतो.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. रासायनिक सोडून दिलं, की सगळं निर्धोक झालं, ही समजूत खोटी आहे. घरोघरी शिफारस होणारा तंबाखूचा काढा घ्या. निकोटिन हे जहाल विष आहे, मधमाशीलाही आणि माणसालाही. शिवाय तंबाखू हाताळलेल्या हातांनी टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू लागू शकतो. बोर्डो मिश्रण तर आपल्या जिल्ह्याचा जुना सोबती. मोरचूद आणि चुना यांचं हे निळं मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागात एकोणिसाव्या शतकात द्राक्षावरच्या डावणीसाठी पुढे आलं. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना, वेगवेगळे भिजवून प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करायचे आणि त्यात विळ्याचं स्वच्छ पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. तसंच फवारलं, तर पानं भाजतील. ही पात्याची परीक्षा बागायतदार वर्षानुवर्षं करत आले आहेत, घरातही ती टाळू नये. करप्यावर ते काम करतं. पण तांबं मातीत साठत जातं, त्याची विल्हेवाट लागत नाही. म्हणून तेही गरजेपुरतंच, दर रविवारचा कुळाचार म्हणून नव्हे. त्या मानानं निंबोळीचा अर्क घरच्या बागेला जास्त मानवतो. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबण घालायचा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारायचं. मधमाश्या घरी परतल्यावर.

कुणी म्हणेल, बाजारात वीस रुपयांत जुडी मिळते, मग एवढी उस्तवार कशाला? प्रश्न रास्त आहे. चार डब्यांनी घर चालत नाही, आणि चालतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण ज्यानं स्वतः एक कोबीचा गड्डा अळीपासून राखला आहे, त्याला बाजारातल्या निष्कलंक गड्ड्यामागे काय काय घडलं असेल याचा अंदाज येतो. गिऱ्हाइकाला डाग चालत नाही, म्हणून व्यापाऱ्याला चालत नाही, म्हणून शेतकरी फवारतो. त्या साखळीचं पहिलं टोक आपल्या हातात आहे. वांग्याचा किडका भाग कापून उरलेल्याचं भरीत करायला आपण गच्चीवर शिकलो असू, तर तेच शहाणपण बाजारातही न्यायला हवं.

बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात जाल, तेव्हा दोन-चार भोकं पडलेली पालकाची जुडी बाजूला सारू नका. तीच उचला, आणि भाव पाडून मागू नका.